बॅकअप? गाण्यात आहे ना!

ड्रॅगन, तलवारी, जादू... फॅण्टसीत हे सगळं असतंच. पण एका अख्ख्या ग्रहाची आठवण राखली ती गाणी शिकवणाऱ्या मास्तरांनी! अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या ‘पर्न’मधल्या हार्पर हॉलची ही सफर. सध्या नोटीस पीरियडवर असाल, तर जरूर वाचा.

फॅण्टसीतला गवई म्हणजे कोण? तुम्ही म्हणाल, टाइमपास कॅरेक्टर! हीरो तलवार चालवतो, जादूगार आगीचे गोळे फेकतो आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यात बसून तारा छेडतो. फार तर वेटरशी फ्लर्ट करतो. पण जरा थांबा. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘द विचर’ आली, तेव्हा राक्षस मारले गेराल्टने, पण लोकांच्या तोंडी बसलं ते यास्किएरचं गाणं. गेराल्ट बिचारा आधी गावोगाव शिव्या खात फिरत होता. या गाण्याने त्याचा हीरो केला. म्हणजे यास्किएर हा त्याचा मित्र कमी आणि पीआर मॅनेजर जास्त, हो की नाही?

इंग्रजीत अशा गवयाला ‘बार्ड’ म्हणतात. आपण ढोबळमानाने भाट किंवा शाहीर म्हणू. मी वीकएंडला मित्रमंडळींसोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते आणि आमच्या टोळक्यात बार्ड मीच असते. त्यामुळे ‘तू काय, नुसती गाणार!’ हा टोमणा मला पाठ आहे. यावर माझं उत्तर ठरलेलं. अरे बाबांनो, बार्डचं काम गाणं नाहीच मुळी. बार्डचं काम लक्षात ठेवणं. गाणं ही फक्त पद्धत!

खोटं वाटतं? या गेमचं १९७८ चं जुनं ‘प्लेअर्स हँडबुक’ काढून बघा. तेव्हा बार्ड व्हायचं म्हणजे पोरखेळ नव्हता. आधी योद्धा म्हणून काही लेव्हल्स पार करायच्या, मग चोर म्हणून आणि त्यानंतर ड्रुइडांच्या हाताखाली बार्डचं शिक्षण. थोडक्यात काय, दोन नोकऱ्यांचा अनुभव असल्याशिवाय अ‍ॅडमिशनच नाही! वर सात पायऱ्यांची कॉलेजं. फोक्लुकनपासून सुरुवात आणि शेवट ओलावमध्ये. नावं विचित्र वाटतात ना? कारण ती गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाहीत. ती आयर्लंडमधून उचललेली आहेत.

बारा वर्षांची डिग्री

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये ‘फिली’ नावाचा एक विद्वान कवींचा वर्ग होता. त्यांच्या सात मुख्य श्रेणी होत्या आणि सगळ्यांत वरची श्रेणी ‘ओलाव’. तिथवर पोचायला बारा वर्षांचं शिक्षण लागतं, असं जुने आयरिश ग्रंथ सांगतात. आपल्याकडे इंजिनीअरिंग, एमबीए आणि वर एखादा सर्टिफिकेट कोर्स धरला, तरी एवढी वर्षं होत नाहीत! ओलावला तब्बल ३५० कथा यायला हव्यात, अशी अपेक्षा होती. शिवाय राजघराण्यांच्या वंशावळी, जागांच्या नावांमागच्या गोष्टी, वृत्तं आणि छंद हे सगळं होतंच. पुढच्या काळातल्या कवींच्या शाळांचं एक वर्णन उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांनी अंधाऱ्या खोलीत पडून मनातल्या मनात कविता रचायची. दिवे यायचे ते रचना पूर्ण झाल्यावर, ती लिहून घेण्यापुरते.

एवढ्या कष्टांचा मोबदला काय? मान! आयरिश कायद्यात प्रत्येक माणसाच्या इज्जतीची किंमत ठरलेली असायची. त्याचा अपमान झाला, तर तेवढी भरपाई द्यावी लागे. ओलाव कवीची ही किंमत छोट्या राज्याच्या राजाइतकी होती. राजेही कवीला वचकून असत. त्याने निंदेची कविता केली, की नाव कायमचं खराब. आजच्या भाषेत, एका पोस्टमध्ये राजा ट्रोल!

पण हा डोलारा उभा होता राजे-सरदारांच्या आश्रयावर. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत आयरिश सरदार इंग्रजांकडून हरले. १६०७ मध्ये अल्स्टरचे बडे सरदार देश सोडून निघून गेले. सतराव्या शतकात कवींच्या शाळा एकेक करून विझल्या. कवी तेच होते, विद्या तीच होती. पगार देणारा उरला नव्हता.

आता प्रश्न असा, की एखाद्या समाजाने आपली सगळी आठवण थोड्या गाणाऱ्या माणसांच्या हवाली केली, तर तिचं पुढे काय होतं? कुठे टिकते, कुठे गळते आणि कुणामुळे वाचते? फॅण्टसीत बार्डांची कॉलेजं पुष्कळ आहेत. २०११ च्या ‘स्कायरिम’ गेममध्येही सॉलिट्यूड शहरात एक आहे. पण हा प्रश्न मला सर्वांत नीट भेटला तो अ‍ॅन मॅकॅफ्री या अमेरिकन लेखिकेच्या हार्पर हॉलमध्ये.

निळ्या कपड्यातले मास्तर

मॅकॅफ्री बाई म्हणजे भन्नाट प्रकरण! गाण्याचं आणि नाटकाचं शिक्षण घेतलेली बाई सायन्स फिक्शन लिहायला लागली. १९६८ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी नेब्युला, तिथेही पहिली. १९७० मध्ये ती मुलांना घेऊन आयर्लंडला गेली आणि २०११ मध्ये वारली तीही तिथेच. पर्नचे हार्पर मात्र तिने आयर्लंडला जाण्याआधीच जन्माला घातले होते. १९६८ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या पहिल्याच कादंबरीत ते भेटतात.

पर्न हा दूरचा एक ग्रह. त्याच्या आकाशात एक लाल तारा फिरत फिरत जवळ येतो. जवळ असला, की साधारण पन्नास वर्षं आभाळातून ‘थ्रेड’ पडतात. म्हणजे चंदेरी धागे. ते जिथे पडतील तिथलं पीक, झाड, जनावर, माणूस, सगळं फस्त! उपाय एकच. आग ओकणाऱ्या ड्रॅगनवर बसून ते हवेतच जाळायचे. मग तारा दूर जातो आणि दोनशे वर्षं शांतता. हे ड्रॅगन जादूचे नाहीत. माणसांनीच तिथल्या छोट्या प्राण्यांपासून विज्ञानाच्या मदतीने घडवलेले आहेत. म्हणून लेखिका ठासून सांगायची, की हे सायन्स फिक्शन आहे. वाचकांनी मात्र ड्रॅगन बघितले आणि पुस्तक फॅण्टसीच्या शेल्फवर ठेवलं!

आता बघा, दोनशे वर्षं म्हणजे आठ-दहा पिढ्या. पणजोबांनी सांगितलेला धोका नातवंडांना आठवणार कसा? लिहून ठेवावं, तर कातड्यावर लिहायचं. कातडी महाग, शिवाय झिजतात, कुजतात. म्हणून पर्नवर हार्पर हॉल आहे. फोर्ट नावाच्या सर्वांत जुन्या गढीला लागून असलेलं हे गाणाऱ्यांचं विद्यापीठ. इथे मुलगा शिकाऊ म्हणून दाखल होतो. शिकून तयार झाला, की ‘जर्नीमन’ बनून गावोगाव नेमणुकीवर जातो आणि फारच हुशार निघाला, तर मास्टर. सगळ्यांत वर एकच, मास्टरहार्पर. कपड्यांचा रंग निळा, दुरून ओळखू यावा असा.

सिलॅबस वाचून तुम्ही गार व्हाल. आवाजाचे एक मास्टर, संगीतरचनेचे दुसरे, वाद्यं बनवण्याचे तिसरे, जुनी दफ्तरं सांभाळणारे चौथे. हे दफ्तरवाले मास्टर आर्नर कातड्याचा कोरा तुकडा देताना जिवावर आल्यासारखं करतात. आमच्याकडे स्टेशनरीवाले नव्या डायरीसाठी करतात, अगदी तस्सं! म्हणून शिकाऊ मुलं आधी वाळूच्या तबकात सुरावट लिहितात, चुकली की पुसतात. शिवाय ढोलाचे मनोरे आहेत. डोंगरामागून डोंगर सांकेतिक ठोके पुढे जातात आणि बातमी घोडेस्वाराच्या आधी पोचते. वैद्यांचंही शिक्षण याच आवारात.

बाहेर नेमणुकीवर गेलेला हार्पर काय करतो? मुलांना अक्षरं आणि हिशेब शिकवतो. करार लिहितो. भांडणात मध्यस्थी करतो. बातम्या आणतो. आणि हो, मास्टरहार्परसाठी कान उघडे ठेवतो. चक्क हेरगिरी! पण सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे शिकवणीची गाणी. प्रत्येक गढीतल्या प्रत्येक मुलाने ती शिकायचीच. धागे कधी पडतात, दगडी घर का बांधायचं, घराजवळ गवत का वाढू द्यायचं नाही, ड्रॅगनवाल्यांना धान्याचा वाटा का द्यायचा, सगळं चालीत. आपल्या आजी-आजोबांनी परवचा म्हणत पावकी-दीडकी डोक्यात बसवली, तोच फंडा. चाल लागली, की विसरणं अवघड.

गाणं होतं, अर्थ हरवला होता

आता खरी गंमत. ‘ड्रॅगनफ्लाइट’ सुरू होते तेव्हा लाल तारा जरा जास्तच लांब राहिलेला असतो. दोनशेऐवजी चारशे वर्षं झालीत! आता कुणाचाच धाग्यांवर विश्वास नाही. सरदार म्हणतात, या ड्रॅगनवाल्यांना फुकटचं धान्य का द्यायचं? जुनी गाणी? ती पोराबाळांसाठी. गढ्यांच्या भिंतीपर्यंत गवत माजलंय.

ड्रॅगनवाल्यांच्या सहा मोठ्या वसाहती होत्या. त्यांना ‘वेअर’ म्हणतात. त्यातल्या पाच रिकाम्या आहेत. का, ते कुणालाच माहीत नाही. उरलेल्या एका वेअरमधले ड्रॅगन ग्रह वाचवायला पुरणार नाहीत. आणि धागे तर पडायला लागले!

एक जुनं गाणं मात्र शिल्लक असतं. ते विचारतं, की ते सगळे कुठे गेले? त्या गाण्यात प्रश्नच प्रश्न आहेत, उत्तर नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या ते चालत आलं. दुःखाचं गाणं, असंच ऐकणाऱ्यांना वाटलं. नायिका लेसा ते वेगळ्या कानांनी ऐकते. ड्रॅगन जागा पार करतो तसा काळही पार करू शकतो, हे तिला नुकतंच कळलेलं असतं. मग डोक्यात ट्यूब पेटते! पाच वसाहती कुठे मेल्याबिल्या नाहीत. त्या पुढे निघून आल्यात, म्हणजे इथे, आत्ता. आणि त्यांना बोलवायला मागे कुणीतरी जायला हवं. चारशे वर्षांपूर्वीची आपली गढी कशी दिसायची, ते तिला एका जुन्या विणलेल्या पडद्यावरच्या चित्रातून कळतं आणि ती उडी मारते. जीव जाता जाता वाचतो. पण पाचही वसाहती घेऊन ती परत येते.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात गाणाऱ्यांचं कौतुक आहे आणि कानउघाडणीही आहे. गाणं टिकलं, शब्द टिकले. पण ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न मध्येच कुठेतरी सुटला. नुसतं पाठ करणं म्हणजे राखणं नव्हे. कुणीतरी थांबून विचारावं लागतं.

आता हे फक्त ड्रॅगनवाल्यांना लागू आहे, असं समजू नका. आमच्या टीममधल्या एका सीनियरनी पेपर टाकले. चार वर्षं महिनाअखेरचे रिपोर्ट एकहाती काढणारा माणूस. जाताना त्यांनी शिस्तीत केटी दिली, बारा पायऱ्यांचं झकास डॉक्युमेंट केलं. सातव्या पायरीवर लिहिलं होतं, ‘इथे दोन तास थांबा.’ आम्ही भक्तिभावाने थांबत होतो. दोन तास चहा, गप्पा, सगळं व्यवस्थित. काही महिन्यांनी नवा मुलगा आला. एकदम फास्ट. त्याने बघितलं, की या दोन तासांत काहीच होत नाही, आणि पायरी उडवली. त्या महिन्यात अर्ध्या शाखांचे आकडे रिपोर्टमध्ये आलेच नाहीत. रात्री साडेनऊला त्या सीनियरना फोन लावला. ते एका वाक्यात म्हणाले, ‘अरे, लांबच्या शाखांचा डेटा उशिरा येतो ना!’

बस्स. एक वाक्य. डॉक्युमेंटमध्ये पायरी होती, कारण नव्हतं. आम्ही सगळे सातवं कडवं चालीत म्हणत होतो.

ज्या दारातून मुली आत येत नाहीत

हार्पर हॉलची दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. ती १९७६ च्या ‘ड्रॅगनसाँग’मध्ये येते. हाफ-सर्कल नावाच्या मासेमारांच्या गढीत मेनोली नावाची मुलगी राहते. गढीच्या म्हाताऱ्या हार्परने, पेटिरॉनने, तिला सगळं शिकवलंय. ती नुसती गात नाही, चाली रचते. पेटिरॉन गुपचूप तिच्या दोन चाली मास्टरहार्पर रॉबिंटनकडे पाठवतो आणि मग मरून जातो. चाली कुणाच्या, ते सांगायचं राहूनच जातं. म्हणजे इथेही केटी अर्धवट!

नवा हार्पर येईपर्यंत लहान मुलांना शिकवणार कोण? दुसरं कुणी नाही, म्हणून मेनोली. पण बाप यानस आधीच बजावतो, फक्त ठरलेली गाणी, स्वतःचं काही वाजवायचं नाही. मुलीने हार्परगिरी केली, हे बाहेर कळलं तर गढीची अब्रू जाईल! एकदा तिच्या बोटांतून स्वतःची सुरावट निसटते आणि बाप पट्ट्याने मारतो. पुढे मासे साफ करताना सुरी लागून तिचा हात चिरतो. जखम चिघळते आणि हात आखडतो. आता ही काही वाजवायची नाही, असं घरचे धरून चालतात. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. मेनोली घर सोडून समुद्राकाठच्या गुहेत राहायला जाते.

तिकडे रॉबिंटन त्या दोन चालींच्या कर्त्याला शोधतोय. नवा हार्पर एल्गिऑन गढीत येतो आणि विचारतो, इथला तो हुशार मुलगा कुठे आहे? लक्षात घ्या, शोध ‘मुलाचा’ चाललाय. त्यांना हवी असलेली व्यक्ती त्याच गढीची लेक आहे. पण प्रश्नच चुकीचा, तर उत्तर कसं सापडणार? आणि घरचे तोंडाला कुलूप लावून बसलेत.

शेवटी रॉबिंटनला ती सापडते आणि तो तिला हॉलमध्ये घेऊन जातो. १९७७ च्या ‘ड्रॅगनसिंगर’मध्ये तिथला तिचा पहिलावहिला आठवडा आहे. हॉलमध्ये मुली आधीपासून आहेत, पण फी भरून हौसेने शिकणाऱ्या. शिकाऊ हार्पर म्हणून कुणी नाही. काही मास्टर नाकं मुरडतात, श्रीमंत मुली टोमणे मारतात. नव्या ऑफिसातला पहिला आठवडा आठवतोय? कॅण्टीनमध्ये कुठल्या टेबलावर बसायचं, इथपासून टेन्शन! मेनोलीचं अगदी तस्संच होतं. बाकाची जागासुद्धा तिला कमवावी लागते. पण पुस्तक संपतं तेव्हा ती जर्नीमन झालेली असते.

मॅकॅफ्रीने १९९८ मध्ये रॉबिंटनच्या आयुष्यावर स्वतंत्र कादंबरी लिहिली, ‘द मास्टरहार्पर ऑफ पर्न’. त्यात आणखी एक गाठ सुटते. मेनोलीला ओळखणारा म्हातारा पेटिरॉन हा रॉबिंटनचा सख्खा बाप. आणि याच बापाने स्वतःच्या मुलाच्या प्रतिभेकडे आयुष्यभर पाठ फिरवली होती. मुलगा आपल्यापेक्षा मोठा निघतोय, हे त्याला सोसलं नाही. म्हातारपणी, दूरच्या गढीत, परक्याच्या मुलीत त्याने ते ओळखलं.

याच कादंबरीत फॅक्स नावाचा सरदार गढ्यांमागून गढ्या गिळत सुटतो, तेव्हा त्याचं पहिलं वैर हार्परांशी असतं. का? कारण शिकलेली प्रजा प्रश्न विचारते आणि आपला हक्क काय, ते तिला गाण्यातून कळतं. त्याच्या मुलखातून हार्परांची हकालपट्टी होते. गाणं बिनमहत्त्वाचं असतं, तर त्याने एवढा खटाटोप कशाला केला असता?

आवाज गेला तर?

१९७९ च्या ‘ड्रॅगनड्रम्स’मध्ये हीरो आहे पायमर. हॉलमधला सर्वांत गोड आवाज त्याचा. सोलो त्याचाच, कौतुक त्याचंच. आणि एक दिवस वयानुसार आवाज फुटतो. खेळ खल्लास! ज्या एका गोष्टीमुळे आपण ‘कुणीतरी’ होतो, तीच गेली, तर काय वाटेल? आपल्यातल्या अनेकांना हे चांगलं ठाऊक आहे. ज्या सॉफ्टवेअरवर करिअर उभं केलं, ते कंपनीने बंद केलं, की असंच होतं.

हॉल त्याला हाकलत नाही. त्याला ढोलाच्या मनोऱ्यावर पाठवतात. तो संकेत इतक्या पटकन शिकतो, की तिथली मुलं जळून त्याला छळतात. वरून मास्टरहार्पर त्याच्यावर वेगळीच कामगिरी सोपवतो. डोळे उघडे ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं. पोराचं डोकं तल्लख आहे आणि तो गुपित पोटात ठेवतो, हे रॉबिंटनने हेरलेलं असतं. आवाज ही त्याची एक गोष्ट होती, तो नव्हे. असा बॉस आपल्यालाही मिळो!

केटी देऊन पेपर टाकणारं एआय

आणि आता क्लायमॅक्स. शेकडो वर्षं गाणी जपणाऱ्या या लोकांना एक दिवस जमिनीखाली गाडलेला कॉम्प्युटर सापडतो. नाव एव्हास, बोलतं आर्टिफिशियल इंटेलिजन्स! तो १९९१ च्या ‘ऑल द वेअर्स ऑफ पर्न’चा नायकच म्हणा ना. एव्हास त्यांना सांगतो, की तुमचे पूर्वज पृथ्वीवरून अंतराळयानांतून इथे आले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. हॉलच्या एकाही गाण्यात हे नव्हतं. धाग्यांचा इशारा जपणाऱ्यांनी स्वतःचं मूळच हरवलं होतं!

आता रॉबिंटनने काय करायला हवं? त्याच्या संस्थेची सद्दी संपली. जे शिकवायला हार्परांच्या पिढ्या खपल्या, ते हे यंत्र बसल्या जागी सांगतंय. काही जुने मास्टर यंत्राला ‘पाप’ ठरवतात. मोडतोडीचा प्रयत्न होतो. विरोधक चक्क म्हाताऱ्या रॉबिंटनचं अपहरण करतात. पण रॉबिंटन स्वतः? तो लहान मुलासारखा त्या यंत्रापुढे बसतो आणि प्रश्न विचारत राहतो. लेसाने चारशे वर्षांच्या गाण्याला जे केलं, तेच तो या नव्या ज्ञानाला करतो.

एव्हास काही वर्षं त्यांना शिकवतो. लाल ताऱ्याचा रस्ताच बदलून धाग्यांचा धोका कायमचा मिटवायची योजना तो आखतो, पण ती पार पाडून घेतो माणसांकडूनच. काम झालं, की स्वतःला बंद करतो. आता तुमचं तुम्ही. आणि त्याच खोलीत, त्याच्यासमोर, रॉबिंटनही शांतपणे जातो. गाण्यातून राखणारा आणि चिपमधून राखणारा, दोघांची शिफ्ट एकदमच संपते.

हे तीसहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, यावर विश्वास बसत नाही. आज आपल्या ऑफिसात रोज वाद चालतो. एआय सगळं लक्षात ठेवणार, मग आपण कशाला? हॉलची गोष्ट वाचून मला वाटतं, साठवण्याचं काम कुणीही करो, कातडं करो नाहीतर सर्व्हर. ‘दोन तास का थांबायचं?’ हे विचारणारा माणूस टीममध्ये लागणारच. आणि तो माणूस कदाचित त्या टेबलावर बसलेला असेल, जिथे मीटिंगचं निमंत्रण जात नाही. तुमच्याकडची मेनोली कोण, हे एकदा मान वर करून बघायला हरकत नाही.

वाचायचं कुठून?

मोह होईल तो पहिल्या पुस्तकापासून सुरू करण्याचा. माझं ऐकाल, तर ‘ड्रॅगनसाँग’पासून करा. छोटं आहे, भाषा सोपी आहे आणि लोकलच्या चार-सहा फेऱ्यांत संपतं. मग ‘ड्रॅगनसिंगर’, मग ‘ड्रॅगनड्रम्स’. ही हार्पर हॉलची त्रयी. त्यानंतर मागे जाऊन ‘ड्रॅगनफ्लाइट’ वाचा. ते साठच्या दशकातलं आहे आणि त्यातला प्रेमाचा मामला आज काही ठिकाणी खटकतो, तेवढी तयारी ठेवा. रॉबिंटनच्या प्रेमात पडलात, तर ‘द मास्टरहार्पर ऑफ पर्न’ आणि ‘ऑल द वेअर्स ऑफ पर्न’ सगळ्यांत शेवटी. शेवटचं पुस्तक ट्रेनमध्ये मात्र उघडू नका. अखेरची काही पानं आहेत, ती घरी, दार लावून वाचण्याची आहेत.